अमेरिकेतला नातू सुट्टीत कोल्हापुरात: वुल्फचे बेल्ट लूप इथं करून घेता येतात का?

शाहूपुरीचे आजोबा

नमस्कार मंडळी. मुलगी-जावई टेक्सासमध्ये असतात. नातू तिथं कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट पथकात जातो. त्याची पहिली मे महिन्यात संपली, टायगरची रँक मिळाली, आता दुसरीत वुल्फ होणार म्हणतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आमच्याकडे येतोय आणि ऑगस्ट लागला की परत. मुलगी सोडायला येऊन आठवड्यात माघारी जाईल, म्हणजे उरलेले दिवस तो आणि आम्ही दोघं म्हातारे.

मुलीनं वुल्फचं पुस्तक सोबत देते म्हणून सांगितलंय. "बाबा, यातलं जमेल ते करून घ्या, नाहीतर दोन महिने मोबाइल बघत बसेल." फोनवर तिनं बरंच काही सांगितलं, पण माझ्या डोक्यात गोंधळच जास्त झाला. विचारायचं ते असं:

रँक शाळा सुरू झाल्यावर चालू होते की आत्ताच्या सुट्टीत केलेलंही धरतात? सही कोणाची चालते, आजोबांची चालेल का? पावसाळ्यात कोल्हापुरात यातलं काय काय होण्यासारखं आहे? बेल्ट लूप, म्हणजे एकेक टप्पा पूर्ण झाला की मिळणारे पट्ट्यात ओवायचे बिल्ले, इथूनच मागवून त्याला देता येतील का? आणि इथल्या शाळांत कब-बुलबुल (मुलांचं आणि मुलींचं छोटं स्काउट-गाइड पथक) असतं, त्यात दोन महिने बसवलं तर ते तिकडं धरतात का?

डेनकाकू

काका, आधी तिकडची रचना सांगते, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

तिथं रँक इयत्तेवर ठरते. बालवाडीला लायन, पहिलीला टायगर, दुसरीला वुल्फ, तिसरीला बेअर, चौथीला वेबेलोस आणि पाचवीला ॲरो ऑफ लाइट. तिसरीत नव्यानं आलेला मुलगा थेट बेअर करतो, त्याला मागचं टायगर-वुल्फ भरून काढावं लागत नाही आणि काढताही येत नाही. तसंच पुढच्या इयत्तेचं आधी करून ठेवता येत नाही. त्यामुळे घरात मोठा मावसभाऊ बेअरचं काही करत असला तरी तुमच्या नातवानं वुल्फचंच करायचं.

बहुतेक पॅक, म्हणजे तिथली पथकं, १ जूनपासून मुलांना पुढच्या रँकमध्ये धरतात. काही पॅक मेअखेरच्या कार्यक्रमात नवा रुमाल देऊन बदलतात. पॅकमधल्या एका इयत्तेच्या मुलांच्या छोट्या गटाला डेन म्हणतात. तुमच्या मुलीनं डेन लीडरला एका ओळीचा मेसेज करून "तो वुल्फमध्ये गेला का" एवढं विचारून घ्यावं. हो म्हटलं की तुमच्याकडे केलेलं सगळं वुल्फच्याच खात्यावर.

रँकसाठी एकूण ८ ॲडव्हेंचर, म्हणजे एकेका विषयावरच्या अटींचे संच, लागतात: ६ सक्तीचे आणि २ आवडीचे. १ जून २०२४ पासून सगळ्या रँकना हाच हिशोब आहे. त्याआधीची जुनी पुस्तकं आणि इंटरनेटवरच्या जुन्या याद्या अजून फिरतात, त्यात बॉबकॅट हा वेगळा बिल्ला दाखवलेला असतो. आता बॉबकॅट हा प्रत्येक रँकमधला पहिला सक्तीचा ॲडव्हेंचर आहे. म्हणून मुलगी जे पुस्तक देईल त्यातच बघा, गुगलवर सापडलेल्या छापील कागदावर नको. नातेवाइकाचं जुनं पुस्तक वापरलं की नेमका इथंच घोटाळा होतो. मुलानं मनापासून केलेलं असतं आणि ती अटच रद्द झालेली असते.

वुल्फचे सहा सक्तीचे असे: बॉबकॅट, पॉज ऑन द पाथ (चालणं आणि निसर्ग), रनिंग विथ द पॅक (व्यायाम-आहार), काउन्सिल फायर (नागरिकत्व), सेफ्टी इन नंबर्स (स्वतःची सुरक्षा) आणि फूटस्टेप्स (कुटुंब आणि श्रद्धा). यातले तुमच्याकडे सहज होणारे म्हणजे पॉज ऑन द पाथ, रनिंग विथ द पॅक आणि फूटस्टेप्सचा बराचसा भाग.

बॉबकॅट तिथंच ठेवा. त्यात डेनमधल्या मुलांशी ओळख आणि डेनचे नियम मिळून ठरवणं येतं. शिवाय मुलांवरच्या अत्याचारापासून संरक्षणाची एक पुस्तिका आहे, ती आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनी घरी मुलाबरोबर वाचायची असते. तिथं आजोबा चालत नाहीत. सेफ्टी इन नंबर्समधला व्हिडिओही पालकांच्या परवानगीनं बघायचा आहे, तर तो मुलगी इथं असतानाच्या आठवड्यात उरकून घ्या. काउन्सिल फायरमधलं झेंडावंदन आणि प्रतिज्ञा त्यांच्या झेंड्याची असते, ती डेनबरोबरच शोभते.

सहीचं: लायनपासून बेअरपर्यंत पालक अट पूर्ण झाल्याचं सांगू शकतात. तुम्ही तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवा, मुलगी तिकडून ॲपमध्ये नोंद करेल, डेन लीडर ती मान्य करेल. पालकाची नोंद आणि लीडरची मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी राहिली तर लूप मिळत नाही. मग मुलगा नोव्हेंबरात विचारत बसतो, "माझं कुठाय?"

पाचवी गल्ली

आजोबा, पावसाचं मी सांगतो.

पॉज ऑन द पाथमध्ये एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर चालायचं आहे. रंकाळ्याची पूर्ण फेरी याच्या दुपटीहून जास्त भरते, तेव्हा सात वर्षांच्या पोराला अर्ध्यात घरी आणलं तरी अट पूर्ण. पण रंकाळ्यापेक्षा शिवाजी विद्यापीठाचा परिसर बरा. सकाळी साडेसहाला रहदारी नसते, झाडी भरपूर, आणि जून-जुलैत मोर ओरडत असतात, नशीब असेल तर पिसारा फुलवलेलाही दिसतो. पक्षी, किडे, झाडं ओळखायला दुसरीकडं जायची गरज नाही. पन्हाळा पावसाळ्यात मोहात पाडतो खरा, पण धुकं आणि शेवाळलेले दगड, त्यात वीकेंडची गर्दी. पहिल्यांदा चालायला नेताय तर नको. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, त्याच्या आशेवर राहू नका.

चालायच्या आधी पिशवी भरायची आहे, तिला ते सिक्स इसेन्शियल्स म्हणतात: भरलेली पाण्याची बाटली, छोटी प्रथमोपचाराची पिशवी, टॉर्च, खाऊ, उन्हापासून बचावाचं काहीतरी, शिट्टी. पिशवी त्यानंच भरायची. आजीनं भरून खांद्यावर दिली तर अट तिथंच बुडाली. उन्हाचं म्हणून टोपी द्या. छत्रीऐवजी रेनकोट द्या, हात मोकळे राहतात. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. तिकडं ॲलर्जीमुळं बऱ्याच डेनमध्ये शेंगदाणा बंद असतो, इथं घरच्यांबरोबर चालायला हरकत नाही, फक्त नातवाला स्वतःला ॲलर्जी नाही ना ते मुलीला विचारून घ्या. शिट्टी गळ्यात, बॅगेत नको. टॉर्चचे सेल आदल्या रात्री बघा, पावसाळी हवेत जुने सेल बसतात.

बडी सिस्टिमही त्यातच आहे, म्हणजे एकट्यानं कुठं जायचं नाही, जोडीदार कायम नजरेत. जोडीदार तुम्ही नको, शेजारचं त्याच्या वयाचं पोर घ्या. दोघांना आधी शिकवायचं: हरवलो तर जिथं आहोत तिथंच थांबायचं आणि तीन वेळा शिट्टी वाजवायची.

आता आवडीच्या दोन ॲडव्हेंचरकडं. माझं मत विचाराल तर नाण्यांचं घ्या, ॲडव्हेंचर्स इन कॉइन्स. मुसळधार पावसात घरात बसून होतं आणि आपल्या नाण्यांवर शिकवण्यासारखं बरंच आहे. सालाच्या खाली बघा. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. त्याच्या खिशातल्या अमेरिकन नाण्यांवर डी म्हणजे डेन्व्हर आणि पी म्हणजे फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियाच्या एका सेंटवर मात्र सहसा खूण नसते, अगदी आपल्या कोलकात्यासारखं. हे त्याला स्वतः शोधू दे, उत्तर आधी सांगू नका.

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते. कागद पातळ घ्या, वहीचा जाड कागद उठत नाही. मऊ पेन्सिल, टोक आडवं धरून. नाणं सरकतं म्हणून खाली चिकटपट्टीची गुंडाळी लावा. वीस रुपयांचं बारा कडांचं नाणं चांगलं उठतं. पन्नास पैशांची झिजलेली नाणी घेतली तर काही उठत नाही आणि पोरगं कंटाळतं. नक्षीच्या शेजारी साल, टांकसाळ आणि चित्र काय आहे ते त्याच्याच अक्षरात.

दुसरं, जर्म्स अलाइव्ह. यात ब्रेडवर बुरशी वाढवायचा प्रयोग आहे, आणि कोल्हापूरची जून-जुलैची हवा बुरशीला चांगली मानवते. बेकरीचा साधा पाव घ्या, पाकिटातला नको. पाकिटातल्या ब्रेडमध्ये बुरशी रोखायचं औषध असतं, म्हणून तो दिवसेंदिवस तसाच राहतो. दोन तुकडे, एक न धुतलेल्या हातानं चोळलेला, दुसरा हात धुऊन चिमट्यानं उचललेला. दोन-दोन थेंब पाणी, दोन वेगळ्या घट्ट बंद पिशव्या, वर तारीख. रोज बघायचं आणि चित्र काढायचं. पिशवी उघडायची नाही, शेवटीही नाही, तशीच बंद कचऱ्यात. आजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रयोग कचऱ्याच्या गाडीत जाईल.

आणि फाइंडिंग युअर वे घेणार असाल तर राजारामपुरीइतकी सोयीची जागा नाही. गल्ल्यांना क्रमांकच आहेत, नकाशा काढायला सोपं. होकायंत्र फोनचं नको, साधं घ्या, आणि दुचाकीच्या किंवा लोखंडी गेटच्या जवळ धरू नका, काटा फिरतो. तळहातावर सपाट धरायचं.

शाहूपुरीचे आजोबा

फारच उपयोगी पडलं, आभार. आता एक राहिलंच. स्वप्निल कुसाळेचं पदक आल्यापासून नातवाला नेमबाजीचं वेड आहे, पुस्तकात बीबी गन आणि धनुष्यबाणाचेही ॲडव्हेंचर आहेत म्हणे. ओळखीनं इथल्या रेंजवर नेलं तर लूप मिळेल का? पोहण्याचंही आहे.

डेनकाकू

नाही काका. बीबी आणि आर्चरी हे फक्त त्यांच्या डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिलनं, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखांनी भरवलेल्या शिबिरात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच होतात. डेन लीडरलासुद्धा स्वतःच्या अंगणात घेता येत नाहीत. कोल्हापुरानं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दिल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेव्हा रेंज दाखवायला जरूर न्या. फक्त ते लूपच्या हिशोबात धरू नका, आणि त्याला आधीच तसं सांगा. तिकडं जाऊन "नाही मिळणार" ऐकणं त्याला जास्त लागेल.

पोहण्याचं स्पिरिट ऑफ द वॉटर तिकडंच करू द्या, त्यांचे पाण्याचे नियम फार काटेकोर आहेत. इथं तरण तलावात शिकलं तर तिकडं सोपं जाईल, एवढाच फायदा. पंचगंगेचं तर नावही नको.

समरटाइम फन नावाचाही एक आहे, मे ते ऑगस्टमध्ये तीन कब स्काउट उपक्रमांत भाग घेतला की मिळतो. आजोळची सहल हा कब स्काउट उपक्रम नव्हे. बरेच पालक इथं घाई करतात. मेअखेर किंवा ऑगस्टमध्ये त्याच्या पॅकचे कार्यक्रम असतील तर त्यातून जमेल.

लूप इथून मागवू नका. ते पॅक नोंदीवरून घेतो आणि पॅक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर देतात. तुमच्या हातून घरी मिळाला तर ती मजा जाईल.

शिट्टी आणि दोरी

कब-बुलबुलचं मी लिहितो, तो प्रश्न राहिलाय.

इथली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही स्वतंत्र संस्था आहे, अमेरिकेतली स्काउटिंग अमेरिका ही वेगळी. (८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत तिचं नाव बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका होतं.) दोन्ही एकाच जागतिक चळवळीच्या सदस्य, पण बिल्ले एकमेकांत बदलत नाहीत.

मोठा फरक असा की आपल्याकडे पायऱ्या चढाव्या लागतात. मुलांना प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय, चतुर्थ चरण. मुलींना प्रवेश, मग कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख. त्यावर गोल्डन ॲरो. चौथीत आलेला मुलगाही प्रवेशापासूनच सुरू करतो. तिकडं इयत्ता बदलली की रँक बदलते, मागचं अर्धवट राहिलं तरी. म्हणून दोन महिन्यांत आपल्याकडचा एखादा बिल्ला मिळवायचा विचार सोडा. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पहिले पंधरा दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात, पथक सुरू व्हायला जुलै उजाडतो.

पाहुणा म्हणून मात्र न्या. मुख्याध्यापकांना आणि कबमास्तरांना आधी भेटून परवानगी घ्या, गणवेश घालून नेलात तरी चालेल. डावा हात मिळवणं दोन्हीकडं सारखं आहे, मोगलीची गोष्ट इथल्या मुलांनाही माहीत असते, आणि सहा-सहा जणांचं षष्टक त्याला नवीन वाटेल, कारण तिकडं डेन असतो. खेळात भाषा आड येत नाही. किमचा खेळ घ्यायला सांगा: ताटात वीस-एक वस्तू, मिनिटभर बघायच्या, झाकायच्या आणि आठवून सांगायच्या.

एक गोष्ट थोडी वेगळी सांगतो, डेनकाकूंनी माफ करावं. डेनबरोबरच्या सगळ्या अटी तिकडंच ठेवा हे सरसकट खरं नाही. मीटिंग चुकलेल्या मुलाला त्या अटी घरी कुटुंबाबरोबर करायची मुभा असते, डेन लीडरनं हो म्हटलं की झालं. पण काउन्सिल फायरमधलं सेवेचं काम इथं करायचं ठरवलंत तर ते मुलाच्या हातानं होण्यासारखं हवं. २६ जूनला शाहू जयंती आहे. त्या निमित्तानं गल्लीतल्या एखाद्या छोट्या उद्यानात तासभर प्लास्टिक वेचायचं, हातमोजे घालून, काच आणि सुई मोठ्यांनी उचलायची. दसरा चौकातल्या पुतळ्याजवळ सकाळी जाऊन शाहू महाराजांनी शिक्षणासाठी काय केलं ते दोन वाक्यांत सांगा. भाषण नको.

डेनकाकू

बरोबर आहे सर, लीडरची परवानगी घेतली तर चालतं. मी फक्त लीडरला न विचारता केलेल्याबद्दल सावध करत होते. बॉबकॅटबाबत मात्र मी तिथंच म्हणेन, डेनची ओळख कोल्हापुरात कशी होणार?

भवानी मंडप

फूटस्टेप्सबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यात घरातल्या श्रद्धा-परंपरांतले तीन सण सांगायचे, त्यातल्या आवडत्यावर काहीतरी हातानं बनवायचं, एक चांगुलपणाचं काम करायचं, आणि आपल्याहून वेगळ्या धर्माबद्दल बोलून दोहोंत सारखं काय ते शोधायचं. बोलायचा भाग पालकांबरोबर आहे, तो व्हिडिओ कॉलवर करून घ्या. बाकीचं तुमच्याकडं.

जून-जुलैत कोल्हापुरात सणांचा तोटा नाही. बेंदूर येतो, तेव्हा मातीचे बैल करा. शाडू कुंभाराकडून आणा, नदीकाठची माती वाळली की तडकते. बैल एकदम करू नका, आधी धड, मग पाय जाड ठेवायचे, शिंगांत काडी घालायची. सावलीत वाळवायचे, पंख्याखाली नको. दमट हवेत चार-पाच दिवस लागतील, म्हणून परतीच्या तिकिटाच्या आधी पुरेसे दिवस ठेवून सुरू करा. विमानातून नेता येणार नाही असं वाटलं तर फोटो काढून मुलीला पाठवा, तेवढं पुरतं.

आषाढी एकादशीला नंदवाळची दिंडी असते. शहरातून पूर्ण चालवत नेऊ नका, लहान पायांना ते अंतर फार आहे. शेवटचा मैलभराचा टप्पा चाला, तो पॉज ऑन द पाथलाही धरता येईल. फक्त एकच चालणं दोन ॲडव्हेंचरला धरायचं की नाही ते लीडरला विचारून. त्र्यंबोलीची आषाढातली यात्राही आहे, पण तिथं गर्दी फार. वेगळ्या धर्माचं म्हणाल तर शेजारच्या मुस्लिम कुटुंबाकडं बसून मोहरमच्या पंजांबद्दल विचारा, कोल्हापुरात हिंदू घरंही त्यात असतात, पोराला "सारखं काय" ते लगेच सापडेल.

पाचवी गल्ली

एक भर. पंचगंगेची पातळी रोज पेपरात येते, राजाराम बंधाऱ्यावरची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रोज सकाळी त्याला वहीत आलेख काढायला लावा. कुठल्या लूपात बसेल की नाही ते डेनकाकू सांगतील, पण ३९ च्या जवळ गेलं की बाहेरचे बेत रद्द, हे त्याला त्याच्याच आलेखावरून कळेल.

डेनकाकू

वुल्फमध्ये पाण्यावरचा पॉज फॉर वॉटर आहे, पुस्तकात त्याच्या अटी वाचून जुळतो का बघा. ओढूनताणून बसवू नका.

काका, वही अशी ठेवा. एका पानावर एकच अट. वर अटीचा क्रमांक आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, मग तारीख, ठिकाण, बरोबर कोण, आणि मुलानं काय केलं ते दोन ओळींत त्याच्या अक्षरात. एक फोटो, त्यात मूल काम करताना दिसलं पाहिजे, नुसता हसणारा चेहरा नको. वाक्यातलं क्रियापद बघा. "दाखव" म्हटलं असेल तर त्यानं करून दाखवायचं, "चर्चा कर" असेल तर बोललं तरी पुरे. व्यायामाच्या अटींत मिनिटं दिलेली असतात, तीस मिनिटं म्हटलं की घड्याळ लावून तीस. त्यातली दहा मिनिटं निवांतपणे काही करायची अट पोरांना सगळ्यात अवघड जाते, ती दुपारच्या जेवणानंतर पाऊस लागला असताना घ्या.

"डू युवर बेस्ट" हे कबचं ब्रीद आहे, म्हणजे त्याच्या कुवतीनं केलं की अट पूर्ण. नक्षी वाकडी आली म्हणून पुन्हा करायला लावू नका. मातीचा बैल तीन पायांवर उभा राहिला तरी चालतो.

दर रविवारी मुलीला त्या आठवड्याची पानं पाठवा, सगळी एकदम ऑगस्टात नको. एकदम पाठवली की तिलाही नोंदी करायचा कंटाळा येतो आणि शाळा सुरू व्हायच्या धांदलीत राहून जातात. चार सक्तीचे आणि दोन आवडीचे असं काही मनात धरू नका. पॉज ऑन द पाथ, रनिंग विथ द पॅक, फूटस्टेप्सचा तुमचा भाग आणि नाणी, एवढं नीट झालं तरी तो सप्टेंबरात इतरांच्या पुढे असेल.

शाहूपुरीचे आजोबा

वही आणली, शंभर पानी. मुलीला सांगून डेन लीडरला मेसेज केला, तो एक जूनपासून वुल्फमध्ये धरतो म्हणाला, आणि सेवेचं काम इथं केलं तरी चालेल, फोटो पाठवा म्हणे. बेंदराची नेमकी तारीख पंचांगात बघून तिकिटाशी जुळवतो. शाडू कुठल्या कुंभाराकडं चांगला मिळतो, कुंभार गल्लीत की बापट कॅम्पला?

भवानी मंडप

बापट कॅम्पला. जूनमध्ये गणपतीचं काम सुरू झालेलं असतं, दोन किलो भिजवलेलाच मागा, कोरडा आणलात तर तुम्हाला मळत बसावं लागेल.